मोबाईल आपल्या मालाविषयी काय सांगतो?

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून बचत गटांसाठी झालेल्या कार्यक्रमातलं हे बोलणं, वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी लिहून काढलं आहे.)

 

आज आधी आमच्याच गटात घडलेली गोष्ट सांगतो. आम्ही कोकणातल्या. रातांब्यांपासून आमसूल, आगळ आणि अमृत कोकम करतो. गेल्या मे महिन्यात अंगणभर सालं वाळत पडली होती आणि पाऊस यायच्या आत काम उरकायची घाई होती. तेवढ्यात पुण्याहून एका काकूंचा फोन आला.

"ताई, तुमच्या आगळात साखर किती असते हो? मला डायबेटिस आहे. मोबाईलला विचारलं तर तो म्हणतो, यांच्या आगळात साखर असते."

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. आगळात साखर? आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्यांचा रस आणि मीठ. साखर असते ती अमृत कोकमात, ज्याचं सरबत करतात. आमच्या आगळात साखरेचा कणही नसतो. काकूंना तसं सांगितलं आणि त्यांनी दोन बाटल्या मागवल्या. पण रात्री आम्हाला एकच विचार पडला. काकूंनी फोन तरी केला. ज्यांनी मोबाईलचं ऐकून फोनच केला नाही, अशा किती जणी असतील? आणि उद्या याच्या उलट झालं, अमृत कोकमात साखर नाही असं मोबाईलनं कुणाला सांगितलं, तर?

मग आम्ही मुळाशी गेलो आणि आपली माहिती यंत्रापर्यंत कशी पोचते ते शिकून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी यादी मिळायची, आता उत्तर मिळतं

एसटी स्टँडवर उतरलेल्या परक्या माणसाचं उदाहरण घ्या. त्यानं विचारलं, "इथे चांगलं आगळ कुठे मिळेल?" एक जण त्याला दहा दुकानांची नावं सांगतो आणि म्हणतो, जा, बघून घ्या. दुसरा म्हणतो, "अमक्या गटाकडे जा, त्यांचं बिनसाखरेचं असतं, बाटली एवढ्याला मिळते." पहिल्यानं यादी दिली. दुसऱ्यानं थेट उत्तर दिलं.

गूगल १९९८ साली सुरू झालं ते या पहिल्या माणसासारखं. आपण शब्द टाकायचे आणि त्यानं पानांची यादी द्यायची. कोणतं पान वर ठेवायचं हे ठरवताना ते बऱ्याच गोष्टी बघतं. दुसऱ्या किती चांगल्या पानांनी या पानाकडे बोट दाखवलं आहे, ही त्यातली एक मोठी गोष्ट. त्या यादीत आपलं पान वर यावं म्हणून जी खटपट करतात, तिला एसईओ म्हणतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं आणि दुसऱ्या प्रकारचा माणूस स्टँडवर येऊन उभा राहिला. जून २०२४ मध्ये गूगलचं जेमिनी हे अॅप भारतात मराठीसह नऊ भारतीय भाषांत आलं. त्याच सुमारास व्हॉट्सअॅपमध्ये ते निळं गोल कडं दिसू लागलं, ते मेटा एआय. ऑगस्ट २०२४ पासून गूगलवर शोधलं तरी बऱ्याच प्रश्नांना यादीच्या वर एआयनं तयार केलेलं उत्तर भारतातही दिसू लागलं.

यामुळे दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे, उत्तर वरच मिळालं तर गिऱ्हाईक आपलं पान उघडेलच असं नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या मालाविषयी आता तिसराच कुणीतरी त्याच्या शब्दांत बोलतो. त्याला नीट माहिती मिळाली तर तो नीट सांगेल. अर्धवट मिळाली तर उरलेलं अंदाजानं जुळवेल, आणि तेही ठामपणे.

यंत्राला माहिती कुठून मिळते?

दोन वाटांनी. पहिली वाट पाठांतराची. हे यंत्र तयार करताना त्याला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यातून ते भाषा आणि बरीचशी माहिती शिकतं. ते पाठांतर एका तारखेपर्यंतचंच असतं. त्यानंतर आपण भाव बदलला तर तो त्याला ठाऊक नसतो.

दुसरी वाट तेव्हाच पाहून सांगण्याची. आपण प्रश्न विचारला की यंत्र त्याच वेळी इंटरनेटवर शोध घेतं, काही पानं वाचतं आणि त्यांतून उत्तर बांधतं. आपल्यासारख्या लहान गटांची माहिती पाठांतरात क्वचितच असते. म्हणून आपल्याला ही दुसरी वाट महत्त्वाची. इथे आपण आज केलेली दुरुस्ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत पोचू शकते.

आता आमच्या आगळात साखर कुठून पडली ते सांगतो. आम्ही आमचं जुनं पान उघडून पाहिलं. वर एका ओळीत लिहिलं होतं: "कोकम सरबत, कोकम आगळ, अमृत कोकम, बेस्ट कोकम, कोकण कोकम, कोकम ऑनलाइन." खाली तिन्ही मालांसाठी एकच ओळ होती: "घटक: कोकम, साखर, मीठ." पान करून देणाऱ्यानं "गूगलवर पहिला नंबर आणतो" म्हणून पैसे घेतले होते आणि कोकम कोकम असा जप लिहून ठेवला होता. पण ते न वाचता छान म्हणणाऱ्या आम्हीच. यंत्रानं जे लिहिलं होतं तेच वाचलं. खोट आमच्या लिहिण्यात होती.

शब्दांचा असा जप आता उपयोगी पडत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठ, आयआयटी दिल्ली आणि इतर संस्थांतल्या संशोधकांनी २०२३ साली नेमकं हेच तपासलं. एआयच्या उत्तरात आपलं पान जास्त दिसावं म्हणून काय केलं तर फरक पडतो, ते त्यांनी नऊ प्रकारांनी करून पाहिलं. तेच तेच शब्द कोंबून फायदा झाला नाही. नेमके आकडे, माहितीचा आधार आणि जाणकारांचे शब्द दिले, तेव्हा पान उत्तरात दिसण्याचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत वाढलं. म्हणजे सरळ, नेमकं आणि आधारासह लिहिणाऱ्याला फायदा. हे काम गटातली कुणीही बाई करू शकते.

आम्ही काय काय बदललं?

पहिलं काम: गिऱ्हाइकांचे प्रश्न वहीत लिहिले. स्टॉलवर आणि फोनवर लोक जे विचारतात तेच. आगळ आणि सरबत यात फरक काय? उघडल्यावर किती दिवस टिकतं? सोलकढीला किती घालायचं? पार्सल पाठवता का? मग प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा मथळा म्हणून लिहिला आणि खाली पहिल्याच वाक्यात उत्तर दिलं. आता आमच्या पानावर असं आहे:

"आगळ म्हणजे काय? आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्यांचा मीठ घालून काढलेला रस. आमच्या आगळात साखर नसते. सोलकढीत आणि आमटीला आंबटपणा आणण्यासाठी ते वापरतात. यात मीठ भरपूर असतं, म्हणून पदार्थात वेगळं मीठ घालण्याआधी चव पाहावी."

"अमृत कोकम म्हणजे काय? रातांब्याच्या सालीत साखर घालून केलेला पाक. पाणी घातलं की सरबत होतं. यात साखर असते."

प्रत्येक मालाची माहिती वेगळी आणि घटकही वेगळे. यंत्र बऱ्याचदा पूर्ण पान घेत नाही, त्यातला तुकडा उचलतं. म्हणून तुकडा एकटा वाचला तरी अर्थ पुरा लागला पाहिजे. "यात साखर नसते" एवढंच लिहिलं तर "यात" म्हणजे कशात? "आगळात साखर नसते" असं लिहावं.

दुसरं काम: मालाची सगळी नावं लिहिली. आमसुलाला कुणी कोकम म्हणतं, कुणी सोलं. मुंबई-पुण्याची मुलं कोकम ज्यूस म्हणून शोधतात. माणूस ज्या शब्दानं विचारेल तो शब्द पानावर एकदा तरी असावा, पण वाक्यात नीट बसलेला. तुम्ही मेतकूट, सांडगे, कुरडया, काळा मसाला किंवा गोधड्या करत असाल तर तुमच्याकडेही गावागावाची वेगळी नावं असतील. ती लिहा.

तिसरं काम: मोघम शब्द काढले आणि आकडे घातले. "उत्तम दर्जा, वाजवी दर" यातून यंत्राला काही कळत नाही आणि माणसालाही नाही. बाटली किती मिलीची, किंमत किती, हा दर कोणत्या महिन्यापासूनचा, पार्सलचा खर्च कोणाचा, माल कोणत्या महिन्यात तयार असतो, हे लिहा. अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक लिहा. दर बदलला की जुना दर पुसा. जुना दर पानावर राहिला तर गिऱ्हाईक तोच धरून बसतं आणि वाद आपल्या दारात येतो.

चौथं काम: गटाचं नाव सगळीकडे सारखं केलं. सावित्री, जिजाऊ, रमाई, महालक्ष्मी या नावांचे गट तालुक्या-तालुक्यात आहेत. नुसतं नाव लिहिलं तर यंत्र एकीचा माल दुसरीच्या नावावर टाकतं. म्हणून नावासोबत गाव, तालुका आणि जिल्हा लिहा. पानावर, गूगल नकाशावर, फेसबुकवर आणि लेबलवर नाव एकाच पद्धतीनं, फोन एकच. एकीकडे "महिला बचत गट" आणि दुसरीकडे "स्वयंसहाय्यता समूह" असं लिहिलं तर यंत्र ते दोन वेगळे गट समजू शकतं.

चित्रातली आणि जुन्या फाँटातली अक्षरं

इथे आपल्यापैकी बऱ्याच जणी फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपली सगळी माहिती बहुधा कुठे असते? व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रंगीत पोस्टरमध्ये. पोस्टर हे चित्र. आजची यंत्रं चित्रातली अक्षरं ओळखू शकतात, पण शोध घेताना ती प्रत्येक चित्र वाचतीलच याची खात्री नसते. आणि व्हॉट्सअॅपच्या गटातला मजकूर शोधात येतच नाही. म्हणून पोस्टर जरूर करा, पण त्यातली माहिती पानावर अक्षरांतही टाइप करा.

दुसरी अडचण मराठीची. गावातल्या डीटीपीवाल्याकडे जुने फाँट असतात. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटात टाइप केलेलं आपल्याला मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरं असतात. यंत्राला तिथे मराठीऐवजी निरर्थक अक्षरांची भेळ मिळते. ओळखायचं कसं? पानावरची एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर ठीक. भलतीच अक्षरं दिसली तर डीटीपीवाल्या भाऊंना सांगा, "युनिकोडमध्ये करून द्या." हा शब्द लक्षात ठेवा: युनिकोड. आपण मोबाईलवर टाइप करतो ते युनिकोडच असतं. त्यामुळे मजकूर मोबाईलवर लिहून दिला तर ही अडचण येतच नाही.

वेबसाइट नसेल तर?

बऱ्याच गटांची वेबसाइट नाही आणि ती असलीच पाहिजे असंही नाही. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट करता येतं. त्यात नाव, पत्ता, फोन, वेळ, फोटो आणि मालाची माहिती भरता येते. ते आपलंच आहे याची खात्री गूगल फोनवरून किंवा व्हिडिओ मागून करून घेतं. यासाठी गूगल पैसे घेत नाही. गटातल्या शिकलेल्या मुलीला किंवा सीआरपी ताईंना सोबत घेऊन एका दुपारी हे काम होतं. ईमेल आणि पासवर्ड मात्र गटाच्या नावानं ठेवा आणि वहीत लिहून अध्यक्ष व सचिवांकडे द्या. मुलगी लग्न होऊन गेली आणि पासवर्डही तिच्याबरोबर गेला, असं नको.

आपण स्वतःविषयी काय म्हणतो त्याबरोबर लोक आपल्याविषयी काय म्हणतात, हेही यंत्र पाहतं. म्हणून गिऱ्हाइकाला सांगा, "काय नेलं आणि कसं वाटलं, ते दोन ओळी लिहा." "छान" यापेक्षा "यांच्या आगळाची सोलकढी केली, साखर नव्हती, रंग छान आला" हे जास्त कामाचं. पण अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आपल्याच जावांनी आणि नणंदांनी गिऱ्हाईक बनून लिहिणं तर नकोच.

ज्यांची वेबसाइट आहे त्यांनी ती करणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: "आमच्या साइटवर एआयच्या वाचक यंत्रांना मज्जाव आहे का?" प्रत्येक साइटच्या दाराशी रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक छोटी फाइल ठेवता येते. कोणत्या यंत्रानं आत यावं आणि कोणी येऊ नये, ते त्यात लिहिलेलं असतं. ही पद्धत १९९४ पासूनची आहे. कधी कधी साइटच्या सुरक्षेसाठी घेतलेली सेवाच एआयच्या यंत्रांना अडवते आणि आपल्याला पत्ता नसतो. आपल्याला गिऱ्हाईक हवं असेल तर दार उघडं हवं.

इथे सांभाळा

"एआयमध्ये पहिला नंबर देतो, एवढे हजार द्या" असे फोन येऊ लागले आहेत. असा नंबर कुणाच्या हातात नाही. तोच प्रश्न दोन फोनांवर विचारा, उत्तर वेगळं येईल. कुणी म्हणेल, एआयसाठी खास फाइल बनवून घ्यावी लागते. गूगलनं आपल्या मार्गदर्शनात लिहिलं आहे की त्यांच्या एआय उत्तरात येण्यासाठी वेगळी फाइल किंवा खास खुणा लागत नाहीत. नेहमीची चांगली, वाचता येणारी माहिती लागते. गटाचा फिरता निधी अशा कामात घालू नका.

औषधाचे दावे लिहू नका. "मधुमेह बरा होतो", "आठवड्यात वजन उतरतं" असं अन्नपदार्थावर लिहिणं कायद्यात बसत नाही. शिवाय यंत्र ते उचलून आजारी माणसाला सांगेल. "आगळात साखर नसते" हे खरं आहे, तेवढंच लिहा.

मानांकनाचंही तसंच. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते चिन्ह मालावर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी असेल तरच लिहा.

पानावर कुणा एका ताईचा घरचा नंबर देऊ नका. गटाचं वेगळं सिम घ्या आणि फोनची वेळ लिहा. आम्ही सकाळी १० ते संध्याकाळी ६ असं लिहिलं, तेव्हा रात्रीचे फोन कमी झाले. आधार कार्ड, पासबुक किंवा बैठकीच्या हजेरीचे फोटो कुठेही टाकू नका. यंत्रांना दार उघडलं की ती समोर असेल ते सगळं वाचतात.

मग काय झालं?

खरं ते सांगतो. पान दुरुस्त केल्यावर काही आठवड्यांनी आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला. एका अॅपनं बरोबर सांगितलं, आगळात साखर नाही, मीठ आहे. दुसऱ्यानं आमचं नावच घेतलं नाही. तिसऱ्यानं आमचा जुना दर सांगितला. शोधल्यावर तो एका प्रदर्शनाच्या जुन्या यादीत सापडला आणि आम्ही तो बदलून घेतला. विक्री एकदम दुप्पट झाली असं काही नाही. आमचा बराचसा माल आजही जत्रेतल्या स्टॉलवर आणि ओळखीतूनच जातो. पण "तुमच्या आगळात साखर असते का?" असा फोन त्यानंतर आला नाही. आता फोन येतो तो "दोन बाटल्या पाठवाल का?" असा.

म्हणून आम्ही वहीत एक पान राखून ठेवलं आहे. दर महिन्याच्या बैठकीत, बचत गोळा झाली की पाच प्रश्न मोबाईलला विचारतो, तेही गटाबाहेरच्या कुणाच्या तरी फोनवरून. उत्तर काय आलं आणि कुठे चुकलं ते लिहितो. चूक दिसली तर आधी आपलं पान तपासतो, मग दुसऱ्या कुणाकडे जुनी माहिती पडली आहे का ते बघतो, आणि शेवटी त्या उत्तराखालचा उलटा अंगठा दाबून चूक कळवतो.

मैत्रिणींनो, पूर्वी आपल्या मालाविषयी व्यापारी बोलायचा. पाटी त्याची आणि बोलणंही त्याचं. आता हे नवं यंत्र बोलतं. फरक एवढाच की ते आपण लिहिलेलं वाचू शकतं. पण आपण लिहिलंच नाही, तर ते दुसऱ्या कुणाचं तरी वाचून आपल्याविषयी बोलेल.

तर या आठवड्याचं काम. गटाच्या बैठकीत एक मोबाईल मध्ये ठेवा. आपल्या गटाचं नाव, गाव आणि माल सांगून विचारा, "यांच्याकडे काय मिळतं, कितीला मिळतं, त्यात काय काय असतं?" उत्तर मोठ्यानं वाचा. मग गिऱ्हाइकांचे पाच नेहमीचे प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरं वहीत लिहा. ज्यांना लिहिणं अवघड जातं त्यांनी सांगावं आणि दुसरीनं लिहावं. मालाची खरी माहिती बनवणारीलाच असते. ती वही घेऊन आमच्या केंद्रावर या. पुढच्या भागात त्यातली काही उत्तरं वाचू आणि एकमेकींची दुरुस्त करू.